हवालदार वकील : स्मरणिकेच्या कामाच्या नोंदी

14 एप्रिल 2025, फोर्ट

आज कोर्टाला सुट्टी. सरांचं, म्हणजे अशील ज्यांना 'हवालदार वकील' म्हणत त्यांचं, ऑफिस नऊ महिन्यांनी नीट उघडलं. एरवी तारखेपुरती फाईल काढायची आणि कुलूप लावायचं, एवढंच चाललं होतं. आज खिडक्या उघडल्या, झाडून काढलं, तिन्ही लोखंडी कपाटांच्या चाव्या शोधल्या. आंबेडकर जयंतीला सर सकाळी सिद्धार्थ लॉ कॉलेजच्या दारापर्यंत जाऊन हात जोडून येत आणि मग इथं बसून फायलींच्या नाड्या बदलत. म्हणून सुरुवातीला हाच दिवस धरला.

काम काय आहे ते लिहून ठेवते. सर गेल्या वर्षी 24 जुलैला, आषाढातल्या संकष्टीला गेले. कागदावरचं वय 88. यंदा ती तिथी 14 जुलैला येते. त्याआधी लालबागच्या ग्रामस्थ मंडळाला स्मरणिका हवी आहे : ऐंशी पानांच्या आत, 300 प्रती. पैसे मंडळाचे, मजकूर माझ्याकडे. मी त्यांची शेवटची ज्युनिअर. नऊ वर्षं त्यांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला बसले. त्यांच्या मुलानं, म्हणजे दादांनी, कपाटांच्या चाव्या देताना एवढंच सांगितलं, "काही फेकू नका, आणि काही लपवूही नका."

मोजणी : रोजनिश्या 41, 1983 ते 2023, दर वर्षाची एक. फायली 612. पत्र्याची एक पेटी, तिला हात लावला नाही.

तात्पुरता आराखडा : जन्म, शाळा, पलटण, दोन लढाया, गिरणी, शिक्षण, वकिली. सरळ रेषेत.

19 एप्रिल

स्कॅनिंग सुरू. छापील आणि टाईप केलेले कागद 300 डीपीआयवर ठीक येतात. कार्बन कॉपी मात्र रंगीतच घ्यावी लागते. काळ्या-पांढऱ्यात निळा कार्बन उडून जातो आणि कोरं पान हाती येतं. नव्वदच्या दशकातले फॅक्सचे गुळगुळीत कागद सगळ्यात वाईट. बरेच आधीच पांढरे पडलेत. उरलेल्यांचे आज खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढले, कारण पावसाळ्यापर्यंत तेही टिकणार नाहीत. गंजलेल्या टाचण्या काढून त्यांच्या जागी सुती दोरा. खालच्या कपाटातल्या दोन गठ्ठ्यांना कसर लागली आहे, ते वेगळे ठेवले.

प्रत्येक फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर सरांनी पेन्सिलीनं अशिलाचा पलटणीतला नंबर लिहिलाय. कोर्टाच्या केस नंबराच्या आधी तो. नावं विसरली तरी नंबर त्यांना पाठ असत. लिफ्टमध्ये कुणी म्हातारा भेटला की "शेवटचे चार आकडे सांग" म्हणत, आणि लगेच त्याची सगळी केस बोलू लागत.

27 एप्रिल, लालबाग

रविवार. गावच्या खोलीवर मंडळाची बैठक. ज्यांना ही सोय ठाऊक नाही त्यांच्यासाठी : सातारा-कोकणातल्या कित्येक गावांनी गिरणगावात पागडी भरून सामाईक खोल्या घेतल्या होत्या. गावाहून आलेला पोरगा काम मिळेपर्यंत तिथं पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाच्या जागेवर दुसरा झोपायचा. सर 1972 ला पलटणीतून सुटून इथंच आले. भिंतीवर अजून ट्रंकांसाठीच्या फळ्या आहेत.

मंडळाचं म्हणणं ठाम आहे. मुखपृष्ठावर वर्दीतला फोटो, वर "शूर सैनिक". मी म्हटलं, सैन्यात 18 वर्षं आणि वकिलीत 40. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "ताई, वकील मुंबईत गल्लोगल्ली आहेत. जंगी पलटणचा हवालदार आमच्या गावात एकच झाला." (जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री, सरांची पलटण.) त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. साताऱ्यात आपशिंग्याला लोक 'मिलिटरी आपशिंगे' म्हणतात. त्या जिल्ह्यात पलटण हा घराचा मान असतो.

जन्मतारखेवरून गाडी अडली. मंडळाच्या वहीत 1 जून 1936. दादा म्हणतात ती खरी नाही. गावी जाऊन यायला हवं.

4 मे, पाटण तालुका

काल रात्रीच्या एसटीनं निघाले, सकाळी पोचले. जीवन शिक्षण मंदिराच्या जुन्या रजिस्टरात सरांच्या पानावर ओळीनं सतरा मुलं आहेत. त्यातल्या चौदांचा जन्म 1 जूनचा. मास्तरांनी वय अंदाजानं धरलं आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून तारीख टाकली. महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस असाच ठरलाय. पुढं भरतीत, पेन्शनीत, वकिलीच्या सनदेत सगळीकडे तीच तारीख चिकटली.

सरांची धाकटी बहीण, म्हणजे आत्याबाई, इथंच असते. पंच्याहत्तरीच्या आसपास. मला "ये गं वकिलीणबाई" म्हणून आत घेतलं, आधी भाकरी, मग बोलणं. आईच्या तोंडून त्यांनी ऐकलेलं असं : "आबा झाला तवा चिखलणी चालू होती. बैलं वावरात, आन दाई पल्याडल्या वाडीत." म्हणजे भातलावणीचे दिवस, आषाढ. ज्या महिन्यात आले त्याच महिन्यात गेले. हे मुंबईत कुणालाच माहीत नव्हतं.

मग 1967 चं सांगायला लागल्या. 11 डिसेंबर, पहाटे चारच्या सुमारास कोयनेचा भूकंप. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे 180 माणसं गेली. त्यांच्यात सरांची आई. माळवद आडव्या तुळईसकट खाली आलं. आत्याबाई तेव्हा सतरा वर्षांच्या, गोठ्याच्या बाजूला निजलेल्या म्हणून वाचल्या. सर पलटणीत होते. तार मिळून, रजा मिळून, कराडपासून मिळेल त्या गाडीनं आणि शेवटी पायी आले तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं. आल्यावर पहिलं काय केलं म्हणून विचारलं. "माती उपसत बसला. दोन दिस. भांडी न्हाई, कागद हुडकत व्हता." कसले कागद? सातबारा, आईच्या अंगठ्याचे उतारे आणि तिला पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या. पत्र्याची पेटी तीच, जी मी अजून उघडलेली नाही.

आत्याबाईंच्या ओसरीत बसून हे लिहिते आहे. आराखडा बदलावा लागेल असं वाटायला लागलंय.

7 मे

ऑपरेशन सिंदूर. सकाळपासून ऑफिसचा फोन वाजतोय. जुने अशील, सत्तरी-ऐंशीतले. काम कुणाचंच नाही. "वकीलसाहेब असते तर आज आलो असतो," एवढंच. स्कॅनिंग शून्य.

11 मे

पेटी उघडली. मनिऑर्डरीच्या पावत्या 112, मातीचे डाग तसेच. डिस्चार्ज बुक. 1971 चा पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, पंचविसाव्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल, सगळी एका मोज्यात गुंडाळलेली. आणि एक शंभर पानी वही, तिची जेमतेम अकरा पानं भरलेली. लढायांबद्दल त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं एवढंच.

दमण : 1961 च्या गोवा मुक्तीच्या कारवाईत दमणची जबाबदारी पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीवर, म्हणजे जंगी पलटणवर होती. कमांडर लेफ्टनंट कर्नल भोसले. 18 डिसेंबरच्या पहाटे हल्ला सुरू झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. सर तेव्हा शिपाई. वहीत लढाईला चार ओळी आहेत आणि त्यानंतरच्या एका दुपारला दीड पान. दमणमधल्या एका म्हाताऱ्या कोळणीचा परवाना पोर्तुगीज भाषेत होता. आता तो चालेल का, हे ती प्रत्येक जवानाला विचारत हिंडत होती. कुणालाच वाचता येत नव्हता. सरांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, तिला परत दिला आणि म्हणाले की जपून ठेव. "बरोबर सांगितले की नाही, माहीत नाही," असं शेवटी लिहिलंय.

जमालपूर (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश) : 1971, डिसेंबर. पलटण 95 माउंटन ब्रिगेडमध्ये. ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्याला शरण येण्याचं पत्र धाडलं, आणि 31 बलूचच्या कमांडरकडून उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी आली. ही गोष्ट सर ऑफिसात सांगत, पण वेगळ्याच कारणासाठी. समोरच्या वकिलाची उद्धट नोटीस आली आणि मी चिडले की विचारायचे, "यात गोळी आहे का? नाही ना? मग बस, शांतपणे वाचू." 10 डिसेंबरच्या रात्री बलूच पलटणीनं वेढा फोडून दक्षिणेला निसटायचा प्रयत्न केला. वाटेवर मराठे बसले होते. 11 ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलला दुसरी पॅरा बटालियन विमानांतून उतरली. पुढं जंगी पलटण त्यांना पुंगलीच्या पुलावर जाऊन मिळाली. ही दुसरी पॅरा म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा, त्यामुळे पुलावर दोन्हीकडून मराठीत शिव्या ऐकू आल्या आणि मगच बोटं चापावरून निघाली, असं सरांनी लिहिलंय. भेटीची तारीख वहीत 11 डिसेंबर आहे. तशीच घेतली.

जमालपूरच्या त्या रात्री त्यांच्या सेक्शनचे दोघं गेले. नावं, नंबर आणि दोघांच्या बायकांची नावं लिहिली आहेत. बाकी काही नाही.

18 मे

गिरणीची वर्षं. परळ भागातली एक गिरणी, तिच्या दारावर पहारेकऱ्याची नोकरी, खाकी पुन्हा अंगावर. सातवी फायनल झालेला 36 वर्षांचा माणूस रात्रशाळेत जाऊन बसला. 1974 ला जुन्या अकरावीची एसएससी, 1979 ला बीए, 1982 ला एलएलबी. कॉलेजच्या सकाळच्या तासांसाठी कायम रात्रपाळी मागून घेतलेली. दाराच्या चौकीत कंदिलापाशी कराराचा कायदा वाचत, हे त्यांच्या बरोबरच्या एका पहारेकऱ्यानं मला आज काळाचौकीत सांगितलं.

तोच माणूस संपाबद्दलही बोलला, सुरुवातीला आढेवेढे घेत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहारेकरी मात्र आत. गावच्या खोलीत एका भिंतीला संपावरचे सहा जण आणि दुसऱ्या भिंतीला दारावरचा हवालदार. तीन महिने कुणी बोललं नाही. जेवणाचं ताट सरकवताना शब्द नाही. जून महिन्यात एक कामगार, त्यांच्याच आळीतला, रात्री त्यांच्या पथारीशी येऊन बसला : घरमालकानं भाडं थकलं म्हणून नोटीस दिलीय, वाचून दाखव. सरांनी वाचून दाखवली आणि उत्तरही लिहून दिलं. आठवड्याभरात चाळीतल्या अकरा नोटिसा आल्या. हे सगळं सनद मिळायच्या आधीचं, म्हणून पहिल्या रोजनिशीत नाही. पण मला विचाराल तर वकिली इथून सुरू झाली.

सनद 1983, वय कागदावर 47. हे वय महत्त्वाचं का ते लिहून ठेवते. 1993 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं नियम केला होता की पंचेचाळीस ओलांडलेल्याला वकील म्हणून नोंदणी नाही. जानेवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. सरांनी त्या निकालाची प्रत स्वतःच्या सनदेच्या मागे शिवून ठेवली आहे. दहा वर्षं उशिरा अर्ज केला असता तर दार बंद मिळालं असतं, याची त्यांना शेवटपर्यंत जाण होती. माझ्या मते म्हणूनच उशिरा शिकायला आलेल्या कुणालाही ते "आता काय उपयोग" असं म्हणत नसत.

26 मे

आज मुंबईत मान्सून. इतका लवकर कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. वरळीचं भुयारी मेट्रो स्टेशन पाण्यात. आमच्या जिन्यातूनही पाणी. तळकप्प्यातल्या 1994 ते 1997 च्या चार रोजनिश्या कडेनं भिजल्या. पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली उभ्या ठेवल्या. इस्त्री, ऊन दोन्ही टाळलं, शाई फुटते. रात्री साडेनऊला निघाले. चारही वाचल्या.

1 जून

कागदावरचा वाढदिवस. या दिवशी सर पेढे आणत आणि म्हणत, मास्तरांच्या नावानं खा.

8 जून

सगळ्यात जाड फाईल आज वाचून संपली. 1984 ते 1991. ही मी पूर्वी कधी पाहिली नव्हती, ते फक्त "दोन नावांची केस" म्हणायचे.

एक शिपाई 1978 मध्ये नोकरीत असताना आजारानं गेला. बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला हवं. मिळालं नाही, कारण पलटणीच्या नोंदीत पत्नीचं नाव वेगळं आणि गावच्या कागदांत वेगळं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलत असत. ग्रामपंचायत, रेशनकार्ड, सगळीकडे सासरचं नाव लागलं. पण ती त्या शिपायाच्या मामाची मुलगी. लहानपणापासून तो तिला माहेरच्या नावानंच हाक मारत आलेला. पलटणीत कारकुनानं "बायकोचं नाव?" विचारलं तेव्हा तोंडातून तेच आलं. पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या घरच्या नोंदींच्या पलटणीतल्या हुकुमात, तेच चढलं. तो गेल्यावर कागदोपत्री प्रश्न उभा राहिला की ही बाई कोण, आणि जिचं नाव लिहिलंय ती कुठं आहे. सहा वर्षं ती दोन कार्यालयांच्या मध्ये फिरली. एकीकडे ऐकवलं गेलं की तुझ्या नवऱ्याची बायको दुसरीच आहे.

सरांच्या वकिलीचं तेव्हा दुसरं वर्ष. फाईलमध्ये काय काय आहे : माहेरच्या शाळेचा दाखला, दोन्ही गावच्या पोलीस पाटलांचे जबाब, लग्न लावणाऱ्या भटजींचं प्रतिज्ञापत्र, सुईणीचं प्रतिज्ञापत्र. पण या सगळ्यांना समोरून एकच उत्तर : हे आता जमवलेले कागद आहेत. खरा पुरावा निघाला तो तिच्या फडताळात. नवऱ्याची नऊ आंतर्देशीय पत्रं. पत्ता सासरच्या गावचा, सासऱ्यांच्या नावाच्या मार्फत, आणि वर नाव माहेरचं. टपाल खात्याचे शिक्के 1971 ते 1977 चे. एकाच कागदावर ती दोन्ही नावांची बाई एकाच घरात राहते हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं.

आता मला ज्यानं थांबवलं ते. फाईलमधल्या झेरॉक्स प्रतींवर फक्त पत्त्याची बाजू आहे. मजकुराच्या बाजूवर सरांनी तपकिरी कागद लावून झेरॉक्स काढली, प्रत्येक पत्राची, नऊच्या नऊ. सोबत एक टिपण : "मूळ पत्रे न्यायालयाने मागितल्यास दाखविण्यात येतील. मजकूर खासगी असून वादाशी संबंध नाही." आणि त्या दिवसाच्या रोजनिशीत : "बाईंना वाचता येत नाही. पत्रे आजवर दिरानेच वाचून दाखविली. आज शेजारच्या खोलीत बसवून, दार लावून, पूर्ण नऊ वाचली. सव्वा दोन तास. इतर काम नाही."

दिरानं वाचताना काय गाळलं असेल, ते तिला त्या दिवशी प्रथमच कळलं असणार.

1991 मध्ये उच्च न्यायालयातून आदेश झाला, थकबाकीसह. निवृत्तिवेतन नाकारणं ही एकदा घडून संपलेली चूक नाही, ती दर महिन्याला नव्यानं घडते, म्हणून उशिरा आलात असं म्हणून दार लावता येत नाही, हा सरांचा मुख्य युक्तिवाद. पुढं 2008 मध्ये तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व मांडलं, मात्र थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित केली. त्या निकालाच्या समासात सरांच्या अक्षरात : "बाईंचे नशीब, लवकर आली."

स्मरणिका या फाईलपासून सुरू करायची. ठरलं.

15 जून, कळवा

ठरवून भागत नाही. अशिलानं वकिलाला सांगितलेलं वकिलानं बाहेर सांगायचं नाही, हे बंधन वकिली थांबली तरी सुटत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 126 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 132. सर गेले म्हणून त्यांची कपाटं मोकळं रान होत नाहीत. संमती नसलेली एकही फाईल छापायची नाही, असं मंडळाला लिहून कळवलं.

बाई हयात आहेत. 79 वय, लेकीकडे राहतात. स्कॅन केलेली पानं घेऊन गेले, वाचून दाखवली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "छापा." नाव घालायचं का, की नुसतं 'एक वीरपत्नी' वगैरे लिहू? "दोन्ही घाला." म्हणून स्मरणिकेत दोन्ही जातील, या वहीत नको.

मूळ पत्रं त्यांच्याकडेच आहेत, उशीच्या खोळीत. निघताना मला विचारलं, एखादं वाचशील का? कुठलं, ते त्यांना बरोबर माहीत होतं. वाचलं. त्यातलं काही इथं लिहीत नाही.

22 जून

दादांकडे, मुलुंड. प्रकरणांचा नवा क्रम दाखवला. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "हे सगळं खरं आहे. आता आमचंही लिहा."

1996 पर्यंत पाच माणसं एका खोलीत. पेन्शनीच्या केसला सर थकबाकी हातात पडेपर्यंत फी घेत नसत, आणि सात-सात वर्षांनी ती पडली की अशील तांदळाचं पोतं आणि कुळीथ घेऊन यायचा. तेच घरात फी म्हणून जमा. दादांना इंजिनिअरिंगला जायचं होतं, जागा मिळत होती, पैसे उभे राहिले नाहीत. त्याच महिन्यात सरांनी एका अशिलाचा कोर्ट स्टॅम्प स्वतःच्या खिशातून भरला, हे दादांना रोजनिशीतून आत्ता, पन्नाशी उलटल्यावर कळलं. मीच दिलेल्या स्कॅनमधून. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "आईला माहीत होतं का, हे शोधून काढता येईल का?"

आईला माहीत होतं. 1989 च्या रोजनिशीत त्या नोंदीपुढे त्यांच्या अक्षरात 'पाहिले' आणि सही आहे. महिन्याचा हिशेब त्या तपासत असत. दादांना फोटो पाठवला. उत्तर अजून नाही. हे प्रकरण दादांच्याच शब्दांत जाईल, मी कात्री लावणार नाही.

मुखपृष्ठाचा निकाल माझ्या विरुद्ध : वर्दीतला फोटो. दादांनीही मंडळाला मत दिलं. "शूर सैनिक" मात्र गेलं. तिथं येईल "हवालदार वकील", सगळे अशील म्हणत तेच.

29 जून

नंतरची वर्षं आवरती घेतली. गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज : 1 जानेवारी 1982 ला हजेरीपटावर नाव होतं हे सिद्ध करायचं, आणि गिरण्याच उरलेल्या नाहीत. जून 2012 च्या म्हाडाच्या सोडतीत 6,925 घरं होती. सरांनी भरलेल्या अर्जांतली चार लागली. चारांचीही यादी पाठीमागे देतेय.

2009 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं आणि पेन्शनीची प्रकरणं उच्च न्यायालयातून तिकडं गेली. सर त्र्याहत्तरीचे. नवी कार्यपद्धती पाठ करायला त्यांनी शाळेसारखी वही घातली. अपंगत्व निवृत्तिवेतनाचं 2013 चं धरमवीर सिंग प्रकरण ते मला पाढ्यासारखं म्हणायला लावत : भरतीच्या वेळी वैद्यकीय नोंदीत आजार नव्हता, तर तो नोकरीमुळे आला असं धरून चालायचं, उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. हे माझ्यासारख्या तिशीतल्या पोरीला सोपं वाटतं. पण ज्या माणसाला वीस वर्षं "सिद्ध कर" असं ऐकायला लागलं, त्याला हे एक वाक्य समजावून सांगताना सर खुर्चीवरून उठून त्याच्या शेजारी जाऊन बसत.

हरलेल्या केसेसचंही एक पान आहे. 38. मंडळाला ते नको होतं. सरांनी स्वतः यादी ठेवली होती, म्हणून जाणार.

6 जुलै, आषाढी एकादशी

मुद्रितं तपासून छापखान्यात परत. 76 पानं. चिखलणीचं आत्याबाईंचं वाक्य त्यांच्याच बोलीत ठेवलंय. जुळारी ते 'शुद्ध' करून बसला होता, परत फिरवलं.

13 जुलै, लालबाग

तिथी उद्या, म्हणून कार्यक्रम आज रविवारी. खोलीत माणसं मावेनात, गॅलरीत आणि जिन्यावर उभी. कळव्याहून बाई आल्या होत्या. भाषणाला नाही म्हणाल्या. दादांनी त्यांचं पान वाचून दाखवलं, मध्ये थांबले, वहिनींनी पुढचं वाचलं. 214 प्रती गेल्या.

16 जुलै

मूळ कागद मालकांना परत द्यायचं काम सुरू. आज सात फायली गेल्या.

सातवे गृहस्थ जंगी पलटणचेच, 84 वर्षांचे, नातवाच्या खांद्याला धरून दोन मजले चढून आले. डोळ्यांनी दिसत नाही. स्मरणिका नातवानं वाचून दाखवली होती. खुर्चीत बसल्यावर पाणीही न घेता म्हणाले, "पान 22. पुंगलीच्या पुलाची तारीख चुकलीय. 11 ला पॅरावाले उतरले. आम्ही पोचलो 12 ला, दिवस मावळताना. मी होतो."

मी सरांची वही काढून वाचली. 11 डिसेंबरच आहे. ते मान हलवत राहिले, "न्हाई. बारा." बाकीचे वृत्तांत पडताळून पाहिले. त्यांचंच बरोबर. जमालपूरनंतरचा तेवढा रस्ता त्याच दिवसात कापणं शक्यच नव्हतं. मला आधीच शंका यायला हवी होती. सरांकडून एकही तारीख चुकायची नाही, या विश्वासावर मी तशीच छापली. त्यांच्या हातून 11 डिसेंबरच का लिहिलं गेलं असेल, हे मात्र त्या गृहस्थांना सांगितलं : कोयना, पहाट, आई. त्यांना ती गोष्ट माहीत नव्हती. पलटणीत कुणालाच नव्हती, म्हणाले.

शुद्धिपत्राच्या 300 चिठ्ठ्या टाकायला दिल्या. उरलेल्या 86 प्रतींत मी चिकटवते. वाटलेल्या 214 साठी मंडळाकडून पत्ते घेतले, टपालानं पाठवायच्या. पहिली चिठ्ठी नातवाच्या हातात दिली, पान 22 वर लावायला.